तळ्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात

भावोजी,

तुम्ही गेल्यापासून गाव तुमच्याबद्दल फार चांगलं बोलतंय आणि मला ते ऐकवत नाही. जी माणसं दोन वर्षं तुमच्या नावाने बोटं मोडत होती, तीच आता आक्काच्या ओसरीवर बसून माना हलवतात, असा माणूस पुन्हा होणे नाही म्हणतात आणि चहा पिऊन जातात. मी कोपऱ्यात गप्प बसतो. बोलायला लागलो तर तोंडून भलतंच काही निघेल, कारण मी अजून तुमच्यावर चिडलेला आहे. आपलं भांडण अर्ध्यावर टाकून तुम्ही गेलात. मेहुण्याचं शेवटचं म्हणणं ऐकून घेण्यापुरतं तरी थांबायचं होतं.

भांडण तळ्याचं. दुसऱ्या कशावरून आपलं कधी वाजलं नाही. आक्काच्या हातच्या सांदणांवरून झालं असेल तेवढंच.

मिरजोळ्याच्या पुढे कातळाचा सडा उतरायला लागतो तिथे आमचं गाव आणि गावाच्या डोक्यावर हे तळं. सड्यावरून पाहिलं तर कोयरीच्या आकाराचं दिसतं. निमुळतं टोक सड्याकडे. पावसाळ्यात तिथून पऱ्या, आमचा ओढा, येऊन पडतो. रुंद बाजूला वाडवडिलांनी घातलेला जांभ्या दगडाचा बांध, त्याला उतरत्या पायऱ्या आणि वर करंजांची रांग. बांधाखाली आमचे भाताचे मळे, त्याखाली आंब्याकाजूचा उतार आणि अगदी पायथ्याला, खाडीच्या काठी, खालची वाडी. श्रावणात तळ्याच्या मधोमध दोन पुरुष पाणी असतं. वैशाखात तेच कमरेला लागतं. तळं सगळ्या गावाचं, फक्त नैर्ऋत्येचा कोपरा आमच्या घराण्याचा. वडिलांनी जाताना तो माझ्या आणि आक्काच्या नावे केला. आम्हा दोघांचा होकार असल्याशिवाय तिथे कुणी कुदळ लावत नाही. हे मी सांगतोय ते तुमच्यासाठी नव्हे. हे दुसरं कुणी वाचलं तर त्याला कळायला हवं की सगळा घोळ एका कोपऱ्यावरून का झाला.

प्यायला आम्हाला घरोघरच्या विहिरी आहेत. तळं गुरांना, धुण्याला आणि राहिलं ते सगळं मजेला. सकाळी पुरुष आणि पोरं पोहणार. दुपारी बायकांची वेळ. तेव्हा कुणा पुरुषाने बांधावर पाऊल टाकायचं नाही. आमची आक्का तेव्हा आडवं तळं पार करून परत येत असे, हे मला तिच्या मैत्रिणींकडून कळायचं. संध्याकाळी केळीच्या खांबांचे तराफे पाण्यात लोटले जात. म्हातारी माणसं गळ टाकून बसत. मासा लागला की उठावं लागे, म्हणून त्यांना तो लागलेला आवडत नसे. मी कळायला लागल्यापासून रोज या पाण्यात उतरलोय. लग्नाच्या दिवशीही उतरलो होतो आणि त्यासाठी बोलणी खाल्ली होती.

तुम्ही जन्मलात केळशीला, समुद्राच्या तोंडावर. उमेद गेली मुंबईच्या गोदीत. आणि पोहता येत नव्हतं. नोकरी सोडून आक्काच्या वाट्याच्या अर्ध्या घरात राहायला आलात तेव्हा हे उघडकीला आलं आणि गावाला चार दिवस दुसरा विषय नव्हता. चाळिशी उलटलेल्या जावयाच्या पाठीला मी असोल्या नारळांची जोडी बांधली आणि त्याला पाण्यात सोडलं. तुम्ही असे हातपाय झाडलेत की काठावरची बेडकं गप्प झाली. टॉवेल द्यायच्या निमित्ताने आलेली आक्का तोंडात पदर घालून करंजाच्या आड उभी होती.

"बापू, पाणी मला धरत नाही," तुम्ही ओरडलात.

मी म्हटलं, "आधी तुम्ही त्याला सोडा."

शिकलात खरे, पण शेवटपर्यंत तुमचं पोहणं म्हणजे पाण्याशी भांडणच होतं. एक मात्र कबूल करतो. तळ्याचं वेड लागलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, पण तुमच्याइतकं उशिरा आणि तुमच्याइतकं गच्च ते कुणाला लागलं नाही. खारं पाणी पाहून वाढलेला माणूस ओंजळीत तळ्याचं पाणी घेऊन नुसता बघत बसायचा. मला त्या वेळी तुमचं फार कौतुक वाटायचं, आणि ते मी कधी बोलून दाखवलं नाही.

मग तो वैशाख आला. चाकरमानी दर वर्षी बोटीने येतात ते नेमके तळं आटलेलं असताना. वर्षभर गिरणीत उकडून निघालेली माणसं, बांधावरून सूर मारायची स्वप्नं बघत येणार आणि कमरेएवढ्या गढूळ पाण्यात बसून आंघोळ करणार. त्यांची ती तोंडं बघून तुमच्या डोक्यात कल्पना आली. तळाशी झरा असणार, गाळाने त्याचं तोंड बुजलंय, गाळ काढला की झरा सुटेल आणि ऐन वैशाखात तळं भरलेलं राहील. पुरावा मीच दिला. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात बुडी मारली की पायाला गार लागतं, असं मी सांगितलं. तुम्ही मांडीवर थाप मारलीत.

ते खणणं आठवलं की अजून अंगावर मूठभर मांस चढतं. अख्खं गाव कासोटा घालून चिखलात. चाकरमान्यांनी मुंबईचे सदरे काढून करंजावर टांगले. बायकांनी पाट्या वाहिल्या, आणि आक्का सगळ्यांच्या पुढे. काळा गाळ थेट मळ्यांत गेला. त्याखाली चिकणमातीचा थर लागला तोही आपण खरवडला, आणि शेवटी आपल्या कोपऱ्यात जांभ्याला एक भोक लागलं, मांडीएवढं. हाच तो झरा. दोन पहारींनी ते कुणाचं डोकं जाईल एवढं रुंद केलं, हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि आरती म्हटली. जांभा पाणी पितो हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. विहीर जांभ्यात लागली की आम्ही कपाळाला हात लावतो. तरी एवढ्या मोठ्या गावात एकालाही वाटलं नाही की ही पाणी यायची वाट नसून जायची असेल.

पाऊस पडला, तळं काठोकाठ भरलं. त्या श्रावणात बांधावरून मारलेले सूर मी जन्मात विसरणार नाही. तुम्ही पायावर उडी मारायचात, नाक धरून. दसऱ्याला पहिल्या पायऱ्या उघड्या पडल्या. दिवाळीला खालच्या. पौषात आपल्या कोपऱ्यात करंजाची पानं गोल फिरताना दिसली. मी बुडी मारली तर पाय खाली ओढला गेला. वर येऊन मी तुम्हाला सांगितलं, आणि तुमचा चेहरा पडला. गाळाने नि चिकणमातीने पिढ्यान्पिढ्या झाकून ठेवलेलं तळ्याचं गळकं तोंड आपण पूजा करून उघडलं होतं. माघात गुरं चिखलात रुतत होती, आणि गाव तुम्हाला गाठून विचारत होतं, जावईबापू, झरा कुठे आहे.

 पाणी जातं कुठे ते आधी बघू म्हणालात. पाट्या भरभरून भाताचं तूस आणवलंत, मला खाडीकडे पिटाळलंत आणि वरून तूस भोकात सोडत राहिलात. मी मनात तुम्हाला शिव्या देत उतार उतरलो.

खालच्या वाडीला खाडी लागून असल्यामुळे विहिरींचं पाणी मचूळ. उताराच्या पायथ्याला त्यांचा एक झरा होता, पण तो दिवाळी सरता सरता आटायचा, आणि मग त्या बायका हंडे घेऊन घाटी चढून आमच्या तळ्यावर यायच्या. त्या वर्षी कुणी आली नव्हती आणि आमच्या ते लक्षातही आलं नव्हतं. मी पोचलो तर झरा मनगटाएवढ्या धारेने वाहत होता. हमीदाबी हंडा लावून उभी होती. तिचा नवरा बोटीवर, घरात म्हातारी सासू. मी कशाला आलोय ते सांगून धारेजवळ बसून राहिलो. बऱ्याच वेळाने तिने हंड्याच्या तोंडाशी हात नेला आणि तळवा माझ्यापुढे धरला. तळव्यावर तूस.

"ह्या तूस तुमचाच ना, बापू?" ती म्हणाली. "मग आता आमचा पानी बंद करनार काय?"

मी वर आलो आणि जसंच्या तसं तुम्हाला सांगितलं. मला वाटलं, तुम्ही म्हणाल, सापडलं एकदाचं, चला बुजवू. तुम्ही दुसऱ्या दिवशी स्वतः खाली जाऊन आलात, आणि आल्यावर म्हणालात की भोक बुजवायचं नाही. गावाला माझा होकार हवा होता, तो द्यायला मी एका पायावर तयार होतो. आक्काच्या वाटणीचं तुम्ही बोलायचात, आणि तुम्ही नाही म्हटलंत. तिथून आपलं सुरू झालं.

काय काय नाही बोललो आपण. मी म्हटलं, त्यांना आम्ही कधी नाही म्हटलंय का, वर यावं, हवं तेवढं न्यावं. तुम्ही म्हणालात, "घाटी चढून ये आणि घे, याला देणं म्हणत नाहीत, बापू." मी म्हटलं, फणसाच्या लाकडाचं बूच करू, कार्तिकापर्यंत बंद ठेवू, मग काढू. त्यावर तुम्ही एक दिवस विचार केलात, हे खरं. मग म्हणालात की बूच आलं की ते काढणारा आला, आणि दर वर्षी त्या बायकांनी त्याचं तोंड बघायचं. मी चिडून म्हटलं, जावई होऊन आलात आणि सासुरवाडीचं पाणी वाटत सुटलात. हे तुम्हाला लागलं. तुम्ही दोन दिवस माझ्याकडे फिरकला नाहीत.

माझं म्हणणं तुम्ही कधी नीट ऐकून घेतलं नाहीत. गावाची तहान विहिरींवर भागत होती, गुरांचीही, हे मला मान्यच होतं. गेली होती ती मजा. पण मजा म्हणजे काही नाही का? माणसाला पिण्यापुरतं पाणी पुरत असतं, तर बांधाला पायऱ्या कशाला घातल्या असत्या कुणी? तराफे कशाला लोटले असते? चाळिशीतल्या माणसाने पाठीला नारळ कशाला बांधले असते? चाकरमानी वर्षभर कशाची वाट बघतो? तळ्यात बुडी मारून वर आल्यावर जे वाटतं, त्यालाही काही हक्क असेल की नाही? हे मी बोललो की तुम्ही म्हणायचात, "असेल. पण तो तहानेच्या मागून." आणि विषय संपवायचात. मला ते पटलं नाही. आजही पटलेलं नाही.

आता एक सांगतो, जे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. मागच्या वैशाखात मी खाली गेलो होतो. एकटाच, कुणाला न सांगता, तुमच्या म्हणण्यातली खोट शोधायला. झऱ्याखाली तुम्ही तिथल्या माणसांबरोबर दगड रचून बांधलेली कुंडी भरून वाहत होती. हंडे एका बाजूला भरून ठेवलेले, आणि खालच्या वाडीच्या मुली कुंडीत. हमीदाबीची मुलगीही त्यांत होती. एकमेकींच्या तोंडावर पाणी उडवत होत्या, नाक धरून बुडत होत्या, कुणीतरी केळीचा एक खांबही आणून टाकला होता. माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. बायकांची वेळ असेल असं वाटून मी मागच्या मागे वळलो. वर येताना मला राग आला होता, कारण माझा सगळा मुद्दा त्या मुली घेऊन बसल्या होत्या. तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही जिंकला असतात. म्हणून नाही सांगितलं. तेवढं तुम्ही माझ्या जागी असता तर तुम्हीही केलं असतंत.

तुमचा ताप उतरेना तेव्हा मी रोज येत होतो. एका सकाळी तुम्ही शुद्धीवर होतात. मी मनाशी ठरवून आलो होतो की आज ते मुलींचं सांगून टाकायचं. तुम्ही विचारलंत, "यंदा पाणी किती आहे?"

मी म्हटलं, "मधल्या पायरीला आहे अजून."

"मग पोहून घे," तुम्ही म्हणालात.

एवढंच. वाद नाही, चिमटा नाही. भांडायला आलेल्या माणसाशी कुणी असं गोड बोलतं का? मुलींचं सांगणं तसंच राहिलं. मी खरंच तळ्यावर गेलो, पोहलो, आणि परत येईपर्यंत तुम्ही पुन्हा ग्लानीत गेला होतात. त्या दिवसाबद्दल मला अजून रडू येतं.

तुमचा दहावा तळ्याच्या काठी केला. तुमचा पोरगा वसंता मुंबईहून आला होता, त्याने पिंड ठेवला. मी मागे उभा होतो. कावळा शिवायला वेळ लागला की माणसं पुढे होऊन गेलेल्याला शब्द देतात. आक्काचं बघू, पोराचं लग्न करू. गावातल्या पाचपन्नास जणांनी माझ्याकडे वळून वळून बघायला सुरुवात केली होती. सगळ्यांना ठाऊक होतं की तुमचं काय अडकलं असेल. मी रात्रभर तो शब्द मनात घोळवून आलो होतो. जड होता, पण द्यायचा असं ठरलं होतं. आणि तुम्ही काय केलंत? वसंता मागे सरला न सरला, तोच करंजावरून कावळा उतरला आणि घास घेऊन गेला. सगळे म्हणाले, समाधानाने गेले हो. मी तिथेच तुमच्यावर भडकलो. माझ्याकडून एक शब्दही न मागता तुम्ही गेलात. मला हरायचीसुद्धा संधी दिली नाहीत.

तेरावा झाला. परवा सकाळी बांधावर चिकणमातीचे ढीग दिसले. यंदा पाणी ओसरायच्या आत भोक बुजवायचं म्हणून गावाने मळ्यांपलीकडून माती आणून टाकली होती. त्यांचंही चुकलं नाही. तुमच्यासाठी ते दोन वर्षं थांबले होते. मी आधी आक्काकडे गेलो. म्हटलं, आता तुझ्या वाटणीचं तूच सांगायला हवं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला नको विचारू. तेव्हा त्या गाळाच्या पाट्या मीच वाहिल्यात. तू ठरवशील ते माझं."

बांधावर सगळे वाट बघत होते. पाटील म्हणाले, "आता तुजा काय तो शब्द सांग, बापू. माती आनून ठेवलीय."

खरं सांगतो भावोजी, तुम्ही समोर असता तर मी हो म्हटलं असतं. तुमच्या तोंडावर म्हटलं असतं, आणि तुम्ही आक्काच्या वतीने नाही म्हटलं असतंत, आणि आपण दोघे भांडत भांडत घरी जेवायला गेलो असतो. पण तुमची जागा रिकामी होती. रिकाम्या जागेशी भांडण जिंकून मी ते कुणाला दाखवणार होतो? आणि डोळ्यांपुढे त्या मुली येत होत्या, नाक धरून बुडणाऱ्या. मी म्हटलं, माती मळ्यांत टाका, भाताला बरी.

 एकाने रागाने पाटी लाथाडली आणि तो निघून गेला. बाकीचे एकेक करून पांगले. चाकरमानी वैशाखात येतील तेव्हा शिव्या मला खायच्या आहेत, आणि माघानंतर मला स्वतःला पोहायला पाणी नाही. ते मला या वर्षी लागेल, पुढच्या वर्षीही लागेल. तुमच्यासारखा मी थोर नाही, मी रोज कुरकुरणार आहे.

परत येऊन आक्काला सांगितलं की माती परत पाठवली. तिने सूप बाजूला ठेवलं आणि पदराने डोळे पुसले. मला वाटलं, ती आता बरं केलंस म्हणेल.

ती म्हणाली, "त्यांना सांगितलंस?"

म्हणून हे लिहितो आहे, भावोजी. भोक उघडं ठेवलंय.